'कळवतो' म्हणाले, आता पुढे? मुंबईत इंटरव्ह्यू दिल्यानंतरचे दिवस

बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, काचेच्या इमारतीतून बाहेर पडताना गळ्यातला व्हिजिटर पास परत द्यायचा, सिक्युरिटीच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायची आणि कुर्ल्याच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून घरी फोन लावायचा. "कसा झाला?" "चांगला झाला. कळवतो म्हणालेत." इथून जीव जो टांगणीला लागतो तो कधी चार दिवस, कधी चाळीस दिवस.

मी गेली बारा वर्षं मुंबईत भरतीचं काम करते, म्हणजे तो 'कळवतो' म्हणणारा आवाज बऱ्याचदा माझाच असतो. गावाहून, जिल्ह्याच्या ठिकाणाहून नव्याने आलेली मुलं या शब्दाचा अर्थ लावत बसतात. त्याला अर्थ नाही. निवड होणाऱ्यालाही तोच सांगतो, न होणाऱ्यालाही. तेव्हा शब्दाचा कीस काढण्यापेक्षा या दिवसांत काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, ते क्रमाने सांगते.

खुर्चीवरून उठण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचं काम इंटरव्ह्यूच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरकायचं असतं. "तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारलं की नव्वद टक्के मुलं "नाही सर" म्हणून उठतात. उठू नका. तीन गोष्टी विचारा: पुढे अजून राउंड आहे का, साधारण कधीपर्यंत कळेल, आणि चौकशी कोणाकडे करायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही नोकरीसाठी आलायत हे समोरच्यालाही ठाऊक आहे.

उत्तर बहुधा मोघम येतं. "आठवडाभरात सांगू." मग हसून म्हणायचं, "म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत धरू का? तोपर्यंत काही कळलं नाही तर सोमवार-मंगळवारी मी एक मेल टाकला तर चालेल ना?" समोरचा "हो, चालेल" म्हणतोच. एवढ्याशा वाक्याने तुम्हाला नंतर विचारायची परवानगी मिळालेली असते. मग मेल पाठवताना 'मागे लागल्यासारखं वाटेल का' हा घोळ मनात राहत नाही.

बाहेर आल्यावर, स्टेशन गाठायच्या आधी, एका वहीत लिहून काढा: कंपनी, पद, तारीख, कोण कोण भेटलं, कोणता प्रश्न अडला, कळवण्याची तारीख, आणि तुम्ही तोंडाने सांगितलेला पगाराचा आकडा. हा शेवटचा रकाना हसण्यावारी नेऊ नका. तीन ठिकाणी तीन आकडे सांगितलेले असतात, पंधरा दिवसांनी फोन आला की गोंधळ होतो. पाच लाख सांगून गेलेला मुलगा फोनवर सहा म्हणाला, की पलीकडची व्यक्ती समोरच्या कागदावर पाच लिहिलेलं बघत असते.

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल पाठवा: वेळ दिल्याबद्दल आभार, अमुक विषयावर बोलणं झालं ते आवडलं, ठरल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत वाट बघतो. इंटरव्ह्यू ज्या भाषेत झाला त्या भाषेत लिहा. मोठं निबंधवजा पत्र नको. या मेलमुळे नोकरी मिळत नाही, पण तुमचं नाव आणि नंबर त्यांच्या इनबॉक्समध्ये वर राहतो.

आत घोडं कुठे पेंड खातं

बाहेर बसलेल्याला वाटतं, आवडलो असतो तर लगेच सांगितलं असतं. तसं नसतं. ऑफिसच्या आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं की निम्मी तगमग कमी होते.

तुम्ही बाहेर पडलात की ज्याने इंटरव्ह्यू घेतला त्याने फीडबॅक भरायचा असतो. तो त्याच्या कामाचा मुख्य भाग नाही, म्हणून तो राहतो. मी स्वतः एका मॅनेजरच्या टेबलाजवळ फॉर्म घेऊन तीन दिवस घिरट्या घातल्यायत. फीडबॅक आला की उरलेले उमेदवार. पाच जणांना बोलावलं असेल आणि चौथा 'आज गाड्या बंद आहेत' म्हणून आला नसेल (जुलैमध्ये हे खोटंही नसतं), तर त्याची तारीख परत लागेपर्यंत पहिल्या तिघांना कोणीच काही सांगत नाही.

मग पगार ठरवणारे. मॅनेजरला तुम्ही हवे असता, पण त्या टीममध्ये आधीपासून असलेल्यांना काय मिळतं ते बघून आकडा बसवावा लागतो. त्यानंतर मंजुरी: विभागप्रमुख, फायनान्स, कधी कधी दुसऱ्या शहरातलं हेड ऑफिस. यातला एक माणूस दौऱ्यावर किंवा रजेवर असला की कागद तिथेच. गणपतीचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा मुंबईतल्या ऑफिसांत असेच जातात, निम्मं ऑफिस कोकणात नाहीतर गावी. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, त्यामुळे मार्चमध्ये दिलेल्या इंटरव्ह्यूचा निकाल एप्रिलच्या नव्या बजेटवर ढकलला जाणं हेही नेहमीचंच.

आणि एक प्रकार असा आहे की तो उमेदवाराला कोणीच सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या नंबरवर असता. पहिल्याला ऑफर गेलेली असते. तो विचार करायला आठवडा मागतो, मग त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते आणि तो नाही म्हणतो. इतक्या दिवसांत आम्ही तुम्हाला 'नाही' म्हणत नाही, कारण तुम्ही हवे असता, आणि 'हो' म्हणू शकत नाही. आमच्या भाषेत तुम्ही होल्डवर असता. तीन आठवडे शांतता आणि मग अचानक "उद्या येऊ शकाल का?" असा फोन आला, तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. त्यात कमीपणा काही नाही. जॉइन झाल्यावर कोणी पहिला होता की दुसरा हे आठवतही नाही.

खुणा ओळखायला मुलं फार उत्सुक असतात, म्हणून तेही सांगते. नोटीस पिरियड किती आणि कधी जॉइन होऊ शकाल हे प्रत्येकालाच विचारतात, त्यावरून काही ठरत नाही. इंटरव्ह्यू लांबला म्हणजे चांगला, हेही खरं नाही. काही मॅनेजर गप्पिष्ट असतात. मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, आधीचं ऑफर लेटर, पॅन, आधार मागितले तर मात्र गोष्ट पुढे सरकली आहे, कारण ते कागद पगार बसवायला लागतात. तरीही ती ऑफर नव्हे.

फोन जवळ ठेवा, म्हणजे नेमकं काय

2016 साली मी स्वतः नोकरी बदलत होते. दादरहून संध्याकाळची फास्ट पकडलेली, लेडीज डब्यात दाराजवळ चौघींच्या मध्ये अडकलेले. ठाणं सुटलं आणि फोन वाजला. पर्समधून काढेपर्यंत सहा रिंग. "मॅडम, तुमच्या जॉइनिंगबद्दल..." एवढं ऐकू आलं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. तेव्हा फास्ट गाड्या बोगद्यातूनच जायच्या. पलीकडे बाहेर आल्यावर मी परत फोन लावला तर तो बोर्ड नंबर, म्हणजे "एक दाबा, दोन दाबा", आणि ऑफिस सुटलेलं. डोंबिवली येईपर्यंत माझ्या डोक्यात ती नोकरी गेलेली होती. सकाळी कळलं, त्यांना फक्त तारीख विचारायची होती.

यातून शिकलेले काही उपाय. अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सेटिंग या दिवसांत बंद ठेवा. 022 ने सुरू होणारा लँडलाइन नंबर आला तर घ्याच. ट्रूकॉलरवर एचआरचा, म्हणजे कंपनीच्या भरती पाहणाऱ्या विभागाचा, नंबर लाल दिसला म्हणून कापू नका: आम्ही दिवसाला पन्नास अनोळखी लोकांना फोन करतो, त्यातले काही आम्हाला स्पॅम म्हणून टाकतात. गर्दीत असाल तर "मी गाडीत आहे, अर्ध्या तासात फोन करू का, नंबर हाच ना?" एवढं बोला. पगाराची बोलणी दाराला लटकून करू नका. आणि रोज सकाळी मेलचा स्पॅम फोल्डर उघडा. कंपनीच्या सिस्टिममधून आपोआप जाणारे मेल तिथेच पडतात, आणि त्यात 'ही लिंक 48 तासांत भरा' असंही लिहिलेलं असू शकतं.

विचारायचं कधी, किती वेळा

दिवस मोजताना कामाचे दिवस मोजा. शुक्रवारी इंटरव्ह्यू झाला असेल तर मंगळवारी चार दिवस झाले असं म्हणू नका, कामाचे दोनच झाले.

सांगितलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी मेल. तारीखच सांगितली नसेल तर कामाचे पाच ते सात दिवस जाऊ द्या. मजकूर साधा: "नमस्कार, अमुक तारखेला अमुक पदासाठी माझा इंटरव्ह्यू झाला होता. त्याबद्दल काही ठरलं असल्यास कळवाल का? माझ्याकडून आणखी काही कागद हवे असल्यास पाठवतो." विषयाच्या ओळीत नाव, पद, तारीख. जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे मागचं सगळं खाली दिसतं.

त्यावर काही आलं नाही तर आठवड्याने एक फोन. सोमवारी सकाळी नको, तेव्हा सगळे मीटिंगमध्ये. जेवणाच्या वेळी नको. मंगळवार ते गुरुवार, साडेअकराच्या सुमारास किंवा चारनंतर. स्वतःचं नाव, पद, तारीख आधी सांगा. "ओळखलंत का?" असं विचारून एचआरची परीक्षा घेऊ नका. मग आणखी दहा दिवसांनी शेवटचा मेल. तीन वेळा विचारून उत्तर नाही, तर वहीत त्या नावापुढे रेघ मारा. रेघ मारल्यावरही फोन येऊ शकतो. आला तर आनंदाने घ्या, पण वाट बघणं संपवा.

रात्री दहाला व्हॉट्सॲपवर "एनी अपडेट?" नको. निळ्या टिका बघत बसण्याने कोणाचं भलं झालेलं मला माहीत नाही. ऑफिसच्या खाली जाऊन उभं राहणं तर नकोच. एक मुलगा मरोळच्या आमच्या जुन्या ऑफिसच्या गेटवर दोनदा आला होता. मुलगा चांगला होता, पण मॅनेजर बिचकला.

दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात आली असेल तर मात्र न विचारता थांबू नका. सरळ सांगा: "मला एका ठिकाणची ऑफर आली आहे, त्यांना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुमच्याकडे काम करायला जास्त आवडेल, म्हणून विचारतोय." खरी ऑफर असेल तरच. मुंबई मोठी वाटते, पण एका धंद्यातले एचआर एकमेकांना ओळखतात.

मध्ये कन्सल्टंट असेल तर

तुम्हाला कन्सल्टन्सीने पाठवलं असेल तर चौकशी त्यांच्याकडेच करायची, थेट कंपनीत नाही. त्यांचं गणित समजून घ्या. त्यांना पैसे कंपनी देते, तेही तुम्ही जॉइन झाल्यावर. 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, हा बाजारात नेहमी ऐकू येणारा दर. त्यामुळे तुमची निवड व्हावी ही त्यांचीही गरज असते, पण त्यांनी त्याच जागेसाठी आणखी चौघांना पाठवलेलं असतं. कन्सल्टंट फोन उचलेनासा झाला, तर बहुतेक वेळा निकाल लागला आहे असं धरायला हरकत नाही.

ज्याला पैसे कंपनीकडून मिळतात तो तुमच्याकडे मागत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकलचा खर्च 'नंतर परत मिळेल' या नावाखाली जो कोणी पैसे मागेल तिथून उठा. वाट बघून कंटाळलेला माणूस याला सगळ्यात लवकर फसतो, आणि फसवणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. तुम्ही इंटरव्ह्यूच दिला नव्हता अशा मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून आलं, तर ते खोटं समजा. कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून तिथे विचारा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

राजीनामा आणि खोली, दोन्ही थांबवा

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची गोष्ट. फोनवर "तुमचं फायनल आहे, लेटर सोमवारी पाठवतो" असं ऐकलं आणि त्याने शनिवारीच राजीनामा टाकला. नोटीस पिरियड तीस दिवसांचा, तेवढाच लवकर सुटेन म्हणून. सोमवार गेला, आठवडा गेला. मग कळलं, ती जागाच वरून थांबवली होती. तो परत साहेबांकडे गेला तर त्याच्या जागी माणूस घेतलेला. दोन महिने घरी बसला, मग ऐरोलीला लागला. घरात भरती करणारी बहीण असून हे झालं, कारण त्याने मला रविवारी सांगितलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच.

तेव्हा तोंडी शब्दावर राजीनामा नाही. लेखी ऑफर, त्यात पद, पगार, जॉइनिंगची तारीख आणि कंपनीच्या पत्त्यावरून आलेला मेल, एवढं हातात आल्यावरच. पत्रात 'पार्श्वभूमीची पडताळणी झाल्यावर' अशी ओळ असते. आधीच्या नोकरीच्या तारखा तुम्ही सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या निघाल्या तर तिथे अडतं. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावरून, जुन्या नोंदी दिसतात, म्हणून बायोडेटात चार महिने इकडचे तिकडे करू नका.

पत्रातला सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, बघून हुरळून जाऊ नका. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी त्यात धरलेली असते. हातात किती येणार हे एचआरला विचारा, त्यात वाईट दिसत नाही. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, असा वर्षाला 2500 रुपये कापला जातो. महिलांना मासिक पगार 25,000 पर्यंत असेल तर तो नाही.

खोलीचंही तसंच. नोकरी अंधेरीला लागेल या भरवशावर अंधेरीत अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि वर दलाली देऊन बसू नका. बाजारात तुरी असताना डाळ शिजवायला घेऊ नये. पत्र येईपर्यंत महिन्याच्या बोलीवर पेइंग गेस्ट म्हणून एक कॉट घ्या, आणि ती दोन मार्ग जिथे मिळतात त्या स्टेशनाजवळ. ठाण्याहून मध्य रेल्वे आहेच, शिवाय ऐरोली, घणसोली, तुर्भ्याची गाडी मिळते. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो. कुर्ल्याहून हार्बर, आणि बीकेसी तर शेजारीच. इंटरव्ह्यू कुठल्या टोकाला लागेल ते आपल्या हातात नसतं, तेव्हा राहायला मधली जागा बरी.

तोपर्यंत

अर्ज करणं थांबवू नका. एक इंटरव्ह्यू छान गेला की मुलं पंधरा दिवस हातावर हात ठेवून बसतात, ही मी पाहिलेली सगळ्यात महागात पडणारी सवय. आठवड्यातून एकदा नोकरीच्या पोर्टलवरची प्रोफाइल उघडून थोडी तरी बदला. आम्ही शोधताना नुकतीच ताजी केलेली नावं आधी बघतो. अडलेला प्रश्न वहीत आहे, त्याचं उत्तर तयार करा. तोच प्रश्न पुढच्या ठिकाणी येतो, हमखास.

घरच्यांना तारीख सांगून टाका. "शुक्रवारपर्यंत कळेल, कळलं की मीच फोन करीन." नाहीतर आई रोज विचारते, मग मामी विचारते, मग मामींच्या शेजारच्या काकू. तारीख एकदाच सांगितली की आठवडाभर तरी शांतता.

सरकारी किंवा महापालिकेच्या भरतीला यातलं फारसं लागू नाही. तिथे कोणी फोन करत नाही. गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी, प्रतीक्षा यादी हे सगळं संकेतस्थळावर लागतं, रोज बघावं लागतं. आपल्या गुणांबद्दल शंका असेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो, आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

उत्तर आल्यावर

नकार आला तर त्या मेललाही एक ओळ पाठवा: कळवल्याबद्दल आभार, पुढे काही जागा निघाली तर जरूर विचार करा. फार थोडे जण हे करतात. ज्याने होकार दिला तो जॉइनिंगच्या दिवशी आलाच नाही, असं आमच्याकडे अधूनमधून होतंच, आणि त्या सकाळी नऊ वाजता मी पहिला फोन लावते तो अशी ओळ पाठवणाऱ्याला. एकदा तर तो मुलगा विरारच्या गाडीत बसून दुसऱ्याच इंटरव्ह्यूला निघालेला. दादरला उतरून आमच्याकडे आला.

होकार आला तर फोनवरच "हो" म्हणून मोकळं होऊ नका. "आनंद झाला, मेल पाठवा, वाचून आज-उद्यात सांगतो" म्हणा. पत्र वाचा, शंका विचारा, मग लेखी होकार द्या. आणि वहीतली बाकीची नावं काढून जिथे जिथे अजून थांबला होता तिथे कळवा की मला नोकरी लागली. तिकडे कोणीतरी दुसऱ्या नंबरवर बसून फोनची वाट बघतोय.